पुरुमेतातली तोरं आणि लॅपटॉपमधल्या फाइली

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात भाचीचा फोन आला. "मामी, सी ड्राइव्ह लाल झालाय. दोन जीबीसुद्धा उरलेली नाही, आणि मी तर यात काहीच साठवलेलं नाही."

ती गोव्यात, फोंड्याला एका सीएच्या ऑफिसात काम करते. ऑफिसचे सगळे कागद सर्व्हरवर, म्हणजे ऑफिसातल्या एका सामाईक मशीनवर असतात. निम्मा आठवडा ती लॅपटॉप घेऊन सत्तरी तालुक्यातल्या सोसायट्यांचे हिशेब तपासत फिरते. वाळपई मागे पडली की मोबाइलच्या रेघा एकेक करून जातात आणि पाऊस लागला की वीजही जाते. तरी तिच्या लॅपटॉपवर सर्व्हरचा झेड ड्राइव्ह उघडतो. फोल्डर दिसतात, एक्सेलच्या शीट उघडतात, आकडे भरले की सेव्हही होतात. सर्व्हर चाळीसेक किलोमीटरवर बंद खोलीत, मध्ये नेटवर्क नाही, मग या फाइली येतात कुठून, हा प्रश्न तिला कधी पडलाच नव्हता. तिचा भरलेला डिस्क हे त्याच प्रश्नाचं उत्तर होतं.

विंडोज फोल्डरच्या आत सीएससी नावाचं एक फोल्डर असतं. क्लायंट साइड कॅशिंग या नावाची ती आद्याक्षरं. ते सहसा उघडत नाही. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून गेलात तरी 'परवानगी नाही' एवढंच उत्तर मिळतं. सर्व्हरवरच्या फाइलींच्या प्रती तिथे जमा होतात. कॅश हा शब्द इथे रोकड या अर्थाचा नाही. लपवणे या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून तो आला आणि १९६८ सालच्या आयबीएम सिस्टिम ३६०, मॉडेल ८५ या यंत्राबरोबर कॉम्प्युटरवाल्यांच्या बोलण्यात रुळला. लांबच्या वस्तूची प्रत हाताशी, नजरेआड ठेवायची, एवढाच त्याचा अर्थ.

गोव्यातल्या माणसाला हे समजावताना मला वेगळा दाखला शोधावा लागत नाही. मे महिना म्हणजे पुरुमेत. साठा, बेगमी या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दावरून आलेला हा शब्द हिंदू-ख्रिस्ती दोन्ही घरांत सारखाच चालतो, आणि मडगावात त्या नावाचं फेस्तही भरतं. सुके बांगडे, गालमो म्हणजे सुकी बारीक कोळंबी, सोलं, उकड्या तांदळाची पोती, मिरच्या, कांद्याच्या माळा, बरणीत मिठाच्या पाण्यात बुडवलेली तोरं, म्हणजे कैऱ्या. पुढे १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस ट्रॉलर बंद, पावसात बाजार गाठणं मुश्किल. बाजार नसला तरी घरची चूल चालू राहायला हवी, म्हणून बाजार आधीच घरात आणून ठेवायचा.

कॉम्प्युटरमध्ये हा विचार पहिल्यांदा नीट मांडून, चालवून दाखवला तो अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या कोडा या प्रकल्पाने. १९८७ च्या सुमारास सुरू झालेल्या या प्रकल्पाचे प्रमुख होते महादेव सत्यनारायणन, आयआयटी मद्रासमध्ये शिकलेले. सर्व्हर पडला किंवा तार तुटली तर माणसाने हातावर हात धरून का बसायचं, हा त्यांचा प्रश्न. जेम्स किस्लर यांच्याबरोबर त्यांनी १९९१ मध्ये मांडलेल्या शोधनिबंधात तुटलेल्या अवस्थेतल्या कामाचे तीन टप्पे सांगितले आहेत. जोडणी असेपर्यंत लागतील अशा फाइली घरात भरून घ्यायच्या. जोडणी तुटली की लॅपटॉपनेच सर्व्हरची भूमिका वठवायची, आणि केलेल्या प्रत्येक बदलाची नोंद एका वहीत ठेवायची. जोडणी परत आली की ती वही सर्व्हरपुढे पहिल्या पानापासून वाचून दाखवायची आणि मेळ घालायचा.

पहिल्या टप्प्याला त्यांनी जे इंग्रजी नाव दिलं त्याचा अर्थ साठेबाजी असाच आहे. त्यातही विचार होता. काय भरायचं ते दोन गोष्टींवर ठरे: वापरणाऱ्याने स्वतः 'हे हवंच' म्हणून दिलेली यादी, आणि अलीकडे त्याने काय काय उघडलं त्याचा माग. आमची आईसुद्धा असंच करायची. तांदूळ आणि मीठ यादीत कायमचे. बाकी गेल्या पावसात काय लवकर संपलं ते आठवून.

वहीच्या बाबतीतली एक बारीक गोष्ट मला फार आवडते. तुटलेल्या अवस्थेत तुम्ही एखादं फोल्डर बनवलंत आणि तासाभराने तेच काढून टाकलंत, तर कोडा त्या दोन्ही नोंदी वहीतून खोडून टाकी. सर्व्हरला सांगण्यासारखं त्यात काही उरलेलंच नसतं. पुरुमेतातली दोन पापडं काढून पुन्हा डब्यात ठेवली, तर जमाखर्चात ती कशाला लिहायची!

तुटलेल्या काळात दोघांनी एकाच फाइलीत बदल केले तर? कोडाने इथे धाडसी निर्णय घेतला: कोणालाच अडवायचं नाही, भांडण झालंच तर नंतर सोडवायचं. हे धाडस आंधळं नव्हतं. त्यांनी आपल्या विद्यापीठातल्या फाइलींच्या वापराचं मोजमाप केलं, तेव्हा ९९ टक्क्यांहून जास्त बदल त्या फाइलीत आधी ज्याने लिहिलं होतं त्यानेच केलेले आढळले. एकाच गोष्टीला एका दिवसाच्या आत दोन वेगळ्या माणसांचा हात लागण्याची शक्यता फार तर पाऊण टक्का. माणसं बहुतेक वेळा आपलंच ताट जेवतात.

मायक्रोसॉफ्टने विंडोज २००० मध्ये 'ऑफलाइन फाइल्स' ही सोय दिली. विंडोजच्या होम आवृत्तीत ती नसते. प्रोफेशनल आणि त्यावरच्या आवृत्त्यांत असते. भाचीच्या झेड ड्राइव्हचं रहस्य ते हेच. तिने एखादं फोल्डर उजव्या क्लिकने 'ऑलवेज अव्हेलेबल ऑफलाइन' केलं की ते यादीतलं कायमचं सामान झालं. शिवाय शेअरची, म्हणजे सर्व्हरवरच्या सामाईक फोल्डरची, मांडणी तशी केलेली असेल, तर नुसत्या उघडलेल्या फाइलीही आपोआप साठत जातात. ते तात्पुरतं सामान. तिसरी वाट तिच्या ध्यानीमनीही नव्हती. ऑफिसात 'डॉक्युमेंट्स' हे फोल्डर सर्व्हरकडे वळवलेलं असलं, की ते अख्खंच आपोआप ऑफलाइन होतं. "मी काहीच साठवलेलं नाही" हे तिचं म्हणणं खरंच होतं. तिच्यासाठी साठवणारं दुसरं कोणीतरी होतं.

या सोयीचा मोठेपणा आणि धोका एकाच ठिकाणी आहे: पत्ता बदलत नाही. ऑफिसात असताना झेड ड्राइव्हवर दिसते ती सर्व्हरवरची फाइल, वाळपईत दिसते ती लॅपटॉपमधली प्रत. आयकॉनवर लहानशी हिरवी खूण असली, तरी दोघींत दिसण्यात जवळजवळ फरक नाही. म्हणून जागा करायची म्हणून झेड ड्राइव्हवरून जुनी फोल्डरं डिलीट करू नयेत. घरी बसून, नेटवर्क नसताना केलेलं ते डिलीटसुद्धा वहीत नोंदलं जातं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात केबल लावली की सर्व्हरवरची मूळ फाइलही जाते. फोन केला तेव्हा भाची नेमकं तेच करायच्या बेतात होती. ऑफिसातल्या कोणीतरी तिला दुसराही उपाय सांगितला होता: सीएससी फोल्डरची मालकी जबरदस्तीने आपल्याकडे घ्यायची आणि आतलं सगळं उडवून टाकायचं.

मी तिला दोन्हीपासून थांबवलं. त्यामागे माझा स्वतःचा एक अनुभव आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका ऑफिसचं नेटवर्क मी सांभाळत होते. एका कारकुनाच्या मशीनवर सिंकच्या, म्हणजे प्रत आणि मूळ फाइल यांचा मेळ घालण्याच्या, चुका यायच्या, लाल फुल्या काही जाईनात. मी कॅश मुळापासून पुसला. फुल्या गेल्या. संध्याकाळी तो माणूस माझ्या टेबलापाशी आला आणि हळूच म्हणाला, "बाई, माझ्या पंधरा दिवसांच्या नोंदी दिसत नाहीत." सिंक अडकलं होतं म्हणूनच त्या नोंदी सर्व्हरवर पोचल्या नव्हत्या. त्या फक्त त्या मशीनच्या पोटात होत्या, आणि ते पोट मीच रिकामं केलं होतं. त्याने रागाचा एक शब्द काढला नाही. दोन रविवार येऊन सगळं पुन्हा भरलं. मला अजून त्याच्या टेबलावरची पावत्यांची चळत दिसते.

पुरुमेतातलं बरंचसं सामान असं असतं, की टाकलं तरी बाजार उघडला की पुन्हा आणता येतं. तांदूळ, मिरच्या, कांदे. पण बरणीतली तोरं? कैरी बाजारातलीच, पण ती घरात आल्यावर मिठात मुरली, तिच्यावर आपल्या हाताचं काम झालं. बरणी फेकली तर बाजारवाला फार तर कच्ची कैरी देईल. ऑफलाइन असताना बदललेली आणि अजून सर्व्हरवर न गेलेली फाइल म्हणजे ही तोरं. डिस्क भरला म्हणून साफसफाई करताना ओळखायची ती ही बरणी; बाकी पोती किती आहेत याने काही बिघडत नाही.

भाचीला मी सांगितलं, "आधी लॅपटॉप घेऊन ऑफिसात जा, वायफाय नको, केबल लाव, आणि मला फोन कर."

कंट्रोल पॅनेलमधलं सिंक सेंटर उघडून तिने 'सिंक ऑल' दाबलं. डिस्क भरलेला असला तरी वर जाणारे बदल जातात. मात्र थोडी हवा असावी म्हणून तिने आधी डाउनलोड्समधले जुने व्हिडिओ पेनड्राइव्हवर हलवले होते. सिंक बराच वेळ चाललं. शेवटी एका फाइलीवर वाद उरला: एका सोसायटीची मास्टर शीट, जी तिने वाळपईत बदलली होती आणि त्याच दोन दिवसांत ऑफिसातल्या वरिष्ठांनीही. ते पाऊण टक्केवालं प्रकरण. विंडोज अशा वेळी तीन पर्याय देतं: ही ठेवा, ती ठेवा, दोन्ही ठेवा. घाई असली तरी इथे दोन्हीच ठेवाव्यात. मग दोघांनी शेजारी बसून ओळीओळीने ताळा करावा. आपले आकडे कोणते आणि दुसऱ्याचे कोणते हे विंडोजला कळत नाही, हिशेब करणाऱ्यालाच कळतं.

मग खरं दुखणं सापडलं. 'मॅनेज ऑफलाइन फाइल्स'मधून ऑफलाइन फाइली बघायच्या बटणावर गेल्यावर तिथे दोन सर्व्हरची नावं होती. गेल्या वर्षी ऑफिसने सर्व्हर बदलला होता. जुन्या सर्व्हरच्या नावाखालचा सगळा साठा, डॉक्युमेंट्सच्या जुन्या प्रतीसकट, तसाच पडून होता. तो सर्व्हर आता जगात नव्हता, म्हणून त्याच्याशी मेळ कधीच होणार नव्हता, आणि 'कायमचं सामान' म्हणून लॅपटॉप तो आपणहून टाकतही नव्हता.

"मग टाकू?" तिने विचारलं. मी म्हटलं, आधी बरण्या बघ. एक्सप्लोररच्या पट्टीत जुन्या सर्व्हरचा पत्ता पूर्ण लिहिला तर सर्व्हर नसतानाही कॅशमधली फोल्डरं उघडतात. तिने तारखेप्रमाणे लावून शेवटच्या महिन्याच्या फाइली पाहिल्या. सर्व्हर बदलण्याच्या आदल्या दिवशीच्या चार फाइली नव्या सर्व्हरवर नव्हत्याच. त्या तिने पेनड्राइव्हवर घेतल्या.

त्यानंतरची साफसफाई सोपी. त्याच खिडकीत 'डिस्क युसेज' नावाचा टॅब असतो. तिथलं 'डिलीट टेम्पररी फाइल्स' हे बटण आपोआप साठलेलं तात्पुरतं सामान काढतं, सर्व्हरवरच्या मूळ फाइलींना हात लावत नाही, आणि मुद्दाम निवडलेलंही ठेवतं. मुद्दाम निवडलेलं काढायचं असेल तर ऑफलाइन फाइलींच्या यादीतल्या फोल्डरवर उजवी क्लिक करून 'डिलीट ऑफलाइन कॉपी'. या पर्यायाच्या नावात 'कॉपी' हा शब्द आहे ना, हे डोळ्यांनी वाचून मगच क्लिक करावं. तिथेच 'चेंज लिमिट्स'मधून साठ्याला मर्यादाही घालता येते. नुसतं ऑफलाइन फाइल्स बंद करून मात्र जागा सुटत नाही. दुकान बंद होतं, माल आतच राहतो.

तिच्या मशीनवर जुन्या सर्व्हरच्या प्रती या वाटेने निघेनात. मग शेवटचं हत्यार. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या कोठारात, लोकल मशीन, सिस्टिम, करंट कंट्रोल सेट, सर्व्हिसेस आणि सीएससी असं खाली उतरत गेल्यावर पॅरामीटर्स नावाची 'की', म्हणजे कप्पा, येते. नसेल तर बनवायची. तिच्यात 'फॉरमॅट डेटाबेस' हे दोन शब्द जोडून लिहिलेल्या नावाची डीवर्ड प्रकारची, म्हणजे आकड्याची, किंमत १ ठेवायची आणि मशीन रीस्टार्ट करायचं. विंडोज उठताना सबंध कॅश नव्याने आखतं आणि सिंक न झालेल्या कामासकट सगळं पुसतं. मघाशी सांगितलेल्या कारकुनाच्या मशीनवर मी ओढलं होतं ते हत्यार हेच होतं, म्हणून भाचीने एंटर दाबायच्या आधी मी तिला दोनदा विचारलं: सिंक सेंटरमध्ये वाद शून्य? पेनड्राइव्हवरच्या चार फाइली उघडून पाहिल्यास?

वनड्राइव्ह ही मायक्रोसॉफ्टची इंटरनेटवरची साठवण वापरणाऱ्यांना हा सारा प्रकार वेगळ्या रूपात भेटतो. २०१७ पासून तिथे 'फाइल्स ऑन डिमांड' आहे. फाइलीचं नुसतं नाव लॅपटॉपवर, माल आभाळात. फाइलीच्या प्रॉपर्टीजमध्ये 'साइझ' कित्येक एमबी आणि 'साइझ ऑन डिस्क' शून्य दिसलं तर घाबरू नये, ते निळ्या ढगाचं चिन्ह असलेलं रिकामं पोतं आहे. उजव्या क्लिकवरचं 'फ्री अप स्पेस' फक्त स्थानिक प्रत काढतं. डिलीट केलं तर मात्र सगळीकडून जाते. सत्तरीत जाणाऱ्याने मात्र निघायच्या आधी लागणाऱ्या फोल्डरवर 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' केलेलं असावं. नाहीतर भर पावसात सोसायटीच्या कचेरीत बसून नावंच तेवढी वाचता येतील.

मशीन रीस्टार्ट व्हायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. भाची फोनवर गप्प होती. मागे पत्र्यावर पाऊस वाजत होता. मग सी ड्राइव्हची पट्टी निळी झाली, अर्ध्याहून जास्त रिकामी. तिने विचारलं, आता काय काय ऑफलाइन ठेवू? मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात कुठे कुठे जाणार आहेस ते मोज. तिने मोजलं: वाळपईजवळच्या तीन सोसायट्या, आणि ती एक मास्टर शीट. तीन फोल्डरं आणि ती शीट, या चारींवर तिने उजवी क्लिक केली आणि हिरवी खूण उमटेपर्यंत केबल काढली नाही.