स्रोतपारख : संगीत कलावंतांवरील नोंदींसाठी

ऑनलाइन विश्वकोशाच्या नोंदीत एखादे विधान घेण्यापूर्वी ते कोणी, कधी आणि कशाच्या आधारे केले आहे हे तपासणे म्हणजे स्रोतपारख. गायक, वादक, संगीतकार यांच्या नोंदींत तिची गरज अधिक भासते. या क्षेत्रातली बरीचशी माहिती मैफलीच्या निवेदनातून, गुरुबंधूंच्या आठवणींतून आणि सत्काराच्या मानपत्रांतून पसरते, आणि या तिन्ही ठिकाणी प्रेमापोटी चार शब्द जास्तच बोलले जातात. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. तिथे कोणालाही लिहिता येते, म्हणून सगळी भिस्त दाखवता येणाऱ्या स्रोतावर असते. लिहिणाऱ्याला विषय किती ठाऊक आहे, यावर नाही.

पारखीचा गाभा म्हणजे स्रोताचे स्वातंत्र्य. नागपुरात सिव्हिल लाइन्समधल्या सभागृहात गाण्याचा कार्यक्रम झाला की आयोजक एकच प्रसिद्धिपत्रक सगळ्या दैनिकांना पाठवतात. दुसऱ्या दिवशी ‘सुमधुर गायनाने रसिकांना मंत्रमुग्ध केले’ हे वाक्य तीन-चार ठिकाणी छापून येते. दुवे चार झाले तरी बोलणारा एकच. अशी बातमी ओळखू येते : विशेषणे तीच, साथीदारांच्या नावांचा क्रम तोच, आणि तबलजीच्या आडनावातली चूकसुद्धा तीच. याउलट सभागृहात बसून ऐकलेल्या समीक्षकाच्या लेखात कोणता राग, कोणता ताल, विलंबितात म्हणजे संथ लयीत काय साधले आणि द्रुतात म्हणजे जलद लयीत काय निसटले हे येते. असा एक लेख त्या चार बातम्यांहून भारी पडतो. कलावंताचे स्वतःचे संकेतस्थळ, यूट्यूब वाहिनी किंवा मुलाखत ही त्याचीच बाजू होय. त्यावरून जन्मगाव किंवा शिक्षण घेता येईल. थोरवी मात्र घेता येत नाही.

स्रोत फिरून स्वतःकडेच येतो तेव्हा काय होते, हे २००९ साली जगाने पाहिले. चित्रपट-संगीतकार मॉरिस जार यांचे निधन होताच डब्लिनच्या एका विद्यार्थ्याने त्यांच्या इंग्रजी विकिपीडियावरील नोंदीत स्वतः रचलेले वाक्य जार यांच्या तोंडी घातले. संदर्भ नाही म्हणून संपादकांनी ते काढून टाकले. पण तेवढ्या अवधीत ‘गार्डियन’सह अनेक वृत्तपत्रांच्या मृत्युलेखांत ते पोहोचले होते. विद्यार्थ्याने स्वतः कबुली दिली नसती, तर पुढे हेच मृत्युलेख त्या वाक्याचा पुरावा म्हणून जोडले गेले असते. म्हणूनच नोंदीनंतर छापून आलेला मजकूर तिचा आधार म्हणून घेताना थांबावे लागते, आणि विश्वकोश स्वतः विश्वकोशाचा स्रोत ठरत नाही.

नागपूरच्या वाचकाला जवळचे उदाहरण गायक डॉ. वसंतराव देशपांडे यांचे. शहरातल्या मोठ्या सभागृहाला त्यांचे नाव आहे, म्हणून त्यांचा जन्म इथलाच असे सहज गृहीत धरले जाते. जन्म २ मे १९२० चा, अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूरचा. नागपूरशी नाते आहे ते शिक्षणाचे : शंकरराव सप्रे यांच्याकडे ते लहानपणी इथे शिकले. संगीतकार सी. रामचंद्र यांच्या चरित्रातही सप्रे यांचे नाव येते. दोन वेगळ्या माणसांच्या आयुष्यातून एकच शिक्षक पुढे येतो, तेव्हा विधानाला खरे बळ मिळते. वसंतरावांना १९८२ चा संगीत नाटक अकादमी पुरस्कार मिळाला, यासाठी अकादमीची स्वतःची यादी पाहावी. कौतुकाचे दहा लेख तिथे कमी पडतात. नामसाधर्म्याचाही घोळ होतो. ‘देशपांडे’ आणि ‘संगीत’ एवढ्यावर शोध घेतला, तर घराण्यांवर लिहिणारे वामनराव देशपांडेही शोधाच्या त्याच निकालांत येतात.

सर्वांत नाजूक जागा गुरुपरंपरेची. ‘अमुक बुवांचे शिष्य’ या तीन शब्दांत गंडाबंध (गुरूने विधिपूर्वक गंडा बांधून स्वीकारलेला) शिष्यही बसतो, चार वर्षे तालीम घेतलेलाही बसतो आणि आठ दिवसांच्या कार्यशाळेला गेलेलाही बसतो. नोंदीत हा फरक उतरलाच पाहिजे, कारण त्यावर घराण्याचा इतिहास उभा राहतो. शिष्याच्या परिचयपत्रापेक्षा गुरूच्या चरित्रात किंवा गुरूच्या बाजूने लिहिलेल्या लेखात त्याचे नाव आहे का, हे पाहणे जास्त विश्वासाचे. ‘मार्गदर्शन लाभले’ असे शब्द असतील तर नोंदीतही तेवढेच लिहावे. ‘आकाशवाणी मान्यताप्राप्त’ या बिरुदाचेही असेच. आकाशवाणीच्या श्रेणी बी, बी-हाय, ए आणि टॉप अशा आहेत. श्रेणी कळल्याखेरीज ते बिरुद फार काही सांगत नाही.

हयात कलावंताविषयी वादग्रस्त विधान असेल आणि पक्का स्रोत नसेल, तर ते वाट न पाहता काढून टाकतात.

जुन्या पिढीतल्या वैदर्भीय कलावंतांविषयी इंटरनेटवर फार थोडे आहे. त्यांचा पुरावा घरच्या कपाटात असतो : वहीत चिकटवलेली कात्रणे, कार्यक्रमपत्रिका, पिवळी पडलेली स्मरणिका. कार्यक्रमपत्रिकेवरून कार्यक्रम ठरला होता एवढेच सिद्ध होते; तो झाला, हे नाही. पत्रिकेवर नुसती तिथी आणि शके असेल, तर शकात ७८ मिळवून इसवी सन काढतात, आणि जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंतच्या तिथीसाठी ७९. कात्रणावर बहुधा ना दैनिकाचे नाव असते, ना तारीख. कापणाऱ्याला आपल्या माणसाचा फोटो तेवढा हवा होता. अशा वेळी कात्रण वहीतून हलकेच सोडवून उलटे करून पाहावे. मागे नागपूरच्या सीताबर्डीतल्या टॉकीजमधल्या सिनेमाची अर्धी जाहिरात असते, कापसाचे भाव असतात, एखाद्या निवडणुकीचा निकाल असतो. सिनेमाचे नाव आणि ‘तिसरा आठवडा’ एवढे वाचता आले, तरी महिना हाती लागतो. मग ग्रंथालयात त्या महिन्याची बांधीव फाइल मागवून पाने उलटायची, आणि तोच फोटो अखंड पानावर सापडला की दैनिकाचे नाव, तारीख आणि पान क्रमांक नोंदीत लिहायचा.