टोकाला जोडलेल्या तारेची कुळकथा

वीस मीटर तार, पंजात मावेल एवढी डबी आणि झाडाच्या फांदीवरून टाकलेली नायलॉनची दोरी. एवढ्याशा अँटेनावर ४० मीटरच्या पट्ट्यात (७ मेगाहर्ट्झच्या आसपास, जिथे एक लहर सुमारे ४० मीटर लांब असते) बोलायला बसणारे हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले, आता गच्चीवर, शेतात, डोंगरमाथ्यावर कुठेही भेटतात. पण तार वीसच मीटरची का आणि मध्ये ती डबी कशाला, या दोन्ही प्रश्नांची उत्तरं शोधायला शंभर वर्षं मागे जावं लागतं.

तार सोबत नेऊन टांगायची कल्पना तर रेडिओइतकीच जुनी. १२ डिसेंबर १९०१ रोजी न्यूफाउंडलंडच्या सिग्नल हिलवर मार्कोनीने पतंगाला सुमारे दीडशे मीटर तार बांधली आणि अटलांटिकपलीकडच्या इंग्लंडमधल्या पोल्धूहून आलेला संकेत ऐकल्याचं जाहीर केलं. त्याच वर्षी पोल्धू आणि अमेरिकेतल्या केप कॉड इथले त्याचे मोठाले अँटेना वादळात कोसळले होते, म्हणून ही पतंगाची सोय. मात्र दीडशे मीटर तार काही पाठपिशवीतून नेण्याची गोष्ट नव्हे.

ती आखूड झाली एका कायद्यामुळे. लांब लहर म्हणजे लांबचा पल्ला, अशी तेव्हा तज्ज्ञांची पक्की समजूत होती. १९१२ च्या अमेरिकी कायद्याने हौशी मंडळींना २०० मीटर आणि त्याहून आखूड लहरींवर हाकललं, कारण त्या लहरी बिनकामाच्या मानल्या जात. हौशी लोक हटले नाहीत. नोव्हेंबर १९२३ मध्ये अमेरिकेतल्या फ्रेड श्नेल आणि जॉन राइनार्ट्झ यांनी फ्रान्समधल्या नीसच्या लेओं देलॉयशी सुमारे ११० मीटरवर दोन्ही बाजूंनी संपर्क साधला. टाकाऊ म्हणून गळ्यात मारलेल्या लहरींनी समुद्र ओलांडला होता. माझ्या मते हौशी रेडिओच्या इतिहासातला सगळ्यात मोठा दिवस हाच.

पुढे १९२७ च्या वॉशिंग्टन परिषदेत हौशींना रीतसर पट्टे मिळाले. त्यांत ७, १४ आणि २८ मेगाहर्ट्झ होते, म्हणजे प्रत्येक आधीच्याच्या दुप्पट. २१ मेगाहर्ट्झची भर १९४७ मध्ये पडली. ही पाढ्यासारखी रचना लक्षात ठेवा, कारण ७ मेगाहर्ट्झची अर्धी लहर म्हणजे वीस मीटर. तीच तार १४ ला पूर्ण लहर होते, २१ ला दीड आणि २८ ला दोन. तारेत अर्ध्या लहरी पूर्ण संख्येने बसल्या की ती चालते; एका तारेत चार पट्टे मिळतात ते यामुळे.

आता डबीकडे वळू. अर्ध्या लहरीच्या तारेत मध्यावर प्रवाह जास्त आणि विजेचा दाब (व्होल्टेज) कमी असतो. टोकाला नेमकं उलटं. मध्यावर केबल जोडणं विजेच्या दृष्टीने सोपं, पण मग केबलचं वजन तारेच्या मध्यावर लोंबतं आणि ते पेलायला काठी किंवा झाड बरोबर मध्यावर लागतं. टोकाला जोडलं तर एकच फांदी पुरते. अडचण अशी, की टोकाचा विरोध काही हजार ओहम असतो आणि रेडिओला हवे असतात पन्नास.

हा पेच पहिल्यांदा गांभीर्याने सोडवला तो हवाई जहाजांसाठी. झेपेलिनच्या पोटात हायड्रोजन, आणि खाली लोंबणाऱ्या तारेच्या टोकाला जबर दाब. ठिणगी पडली तर सगळंच संपलं. जर्मनीच्या हान्स बेगेरोने १९०९ मध्ये पाव लहरीची दुपदरी तार मध्ये घालून जास्त दाबाची जागा जहाजापासून दूर नेली. हौशींनी तीच रचना जमिनीवर आणली आणि नावही तेच ठेवलं: झेप.

पण दुपदरी तार वागवणं जिकिरीचं. ऑस्ट्रियातल्या योझेफ फुक्स या हौशीने ती काढूनच टाकली. तारेचं टोक थेट एका वेटोळ्याला आणि फिरत्या कपॅसिटरला जोडायचं; १९२८ मध्ये त्याला याचं पेटंट मिळालं. उणीव एकच: पट्टा बदलला की दर वेळी कपॅसिटर नव्याने जुळवायचा.

ती उणीव भरून काढली फेराइट या लोहयुक्त चुंबकीय पदार्थाने. टोकियोच्या काटो आणि ताकेई यांनी १९३० मध्ये हा पदार्थ घडवला, आणि त्याच्या उत्पादनासाठी १९३५ मध्ये टीडीके कंपनी निघाली. आजच्या डबीत फेराइटचं एक कडं असतं. त्यावर रेडिओच्या बाजूला २ वेढे, तारेच्या बाजूला १४. वेढ्यांचं प्रमाण सात, आणि विरोध त्याच्या वर्गाने बदलतो, म्हणजे ४९ पट. पन्नासाचे २,४५० ओहम होतात, आणि पट्टा बदलला तरी काही फिरवावं लागत नाही. तारेच्या टोकावर मात्र १०० वॅटला सुमारे ५०० व्होल्ट उभे राहतात. प्रक्षेपण चालू असताना तिथे हात लावायचा नाही, पोरासोरांनाही लावू द्यायचा नाही.

१९७९ च्या जागतिक परिषदेत मिळालेले १०, १८ आणि २४ मेगाहर्ट्झचे पट्टे या पाढ्यात बसत नाहीत; त्यांच्यासाठी वेगळी तार किंवा ट्यूनर (विरोध जुळवून देणारं उपकरण) लागतो.

राहता राहिलं ट्यूनिंग. हिशेब साधा: १४३ ला मेगाहर्ट्झने भागायचं. ७.१ ला उत्तर येतं २०.१४ मीटर. मी तरीही २१ मीटर कापतो, कारण तारेवरचं प्लॅस्टिक, फांदीची उंची आणि ओली जमीन यांनी आकडा सरकतो, आणि कापलेली तार परत जोडणं म्हणजे नसता व्याप. तार टांगली की मापकावर एसडब्ल्यूआरचा, म्हणजे तारेकडून किती शक्ती परत फिरते त्याच्या मापाचा, तळ कुठल्या मेगाहर्ट्झला येतो ते बघायचं. तो ६.७ च्या आसपास सापडला तर तार लांब आहे. मग टोक कापायचं नाही, मागे दुमडून तारेवरच पिळून घ्यायचं. दर दहा सेंटिमीटरला तळ साधारण ३० ते ३५ किलोहर्ट्झ वर चढतो. दोरी सैल करा, तार खाली घ्या, एक वीत दुमडा, पुन्हा वर चढवा. पाच-सहा खेपांत तळ ७.१ शी येऊन थांबतो. तेव्हाच चिकटपट्टी गुंडाळायची.