दूध न चालणाऱ्या बालकाचे कॅल्शियम

एक ते तीन वर्षांच्या ज्या मुलाला गाई-म्हशीचे दूध देता येत नाही, त्याला लागणारे कॅल्शियम इतर अन्नातून आणि गरज पडल्यास औषधातून पुरवण्याची आहारव्यवस्था. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० साली या वयासाठी रोज ५०० मिलिग्रॅम कॅल्शियमची शिफारस केली. अमेरिकेत हाच आकडा ७०० आहे, तर ब्रिटनमध्ये ३५०. गाईच्या १०० ग्रॅम दुधात कॅल्शियम साधारण ११८ मिलिग्रॅम असते. त्यामुळे दिवसाला दोन कप दूध पिणाऱ्या मुलाची गरज जवळपास तिथेच भागते. दूध सुटले की ती उणीव कोणताही एक पदार्थ भरून काढत नाही. चार-पाच पदार्थांतून थोडे थोडे कॅल्शियम रोज पोटात जावे लागते, आणि त्याचा हिशेब कोणीतरी ठेवावा लागतो.

दूध का चालत नाही, हे आधी नक्की झाले पाहिजे. ‘दूध पचत नाही’ या एकाच वाक्याखाली घरोघरी तीन वेगळ्या गोष्टी झाकल्या जातात. दुधातील साखर म्हणजे लॅक्टोज न पचणे, हा त्यातला सौम्य प्रकार. इतक्या लहान वयात तो बहुधा जुलाबांच्या आजारानंतर येतो आणि आतडे सावरले की काही आठवड्यांत जातो. अशा मुलाला दही, ताक, चीज सहसा सोसते आणि कॅल्शियमचा प्रश्न फारसा उरत नाही. दुधातील प्रथिनांची ॲलर्जी निराळी. अंगावर गांधी उठणे, उलट्या, शौचातून रक्त पडणे, क्वचित श्वास कोंडणे, अशी तिची लक्षणे असतात. तिथे दही, ताक, पनीर, खवा, सगळेच बंद करावे लागते. बिस्किटे, पाव, चॉकलेट यांवरचा घटकांचा तक्ता वाचावा लागतो; दूध पावडर, व्हे, केसीन ही तिथे दुधाची नेहमीची नावे. मऊ भातावरचे तूपही इथे निर्धोक नाही, कारण कढवलेल्या तुपातही प्रथिनांचा अंश राहू शकतो. ‘गाईचे नको तर शेळीचे द्या’ हा प्रेमाने दिला जाणारा सल्ला तर धोक्याचाच. शेळीच्या आणि म्हशीच्या दुधातील प्रथिने गाईच्या दुधातील प्रथिनांशी इतकी मिळतीजुळती असतात की ॲलर्जी असलेल्या बहुतेक मुलांना तीही बाधतात. तिसरे कारण गॅलॅक्टोसेमिया. हा जन्मजात, दुर्मीळ विकार असून त्यात दूध जन्मभर वर्ज्य असते, आणि आईचेही दूध चालत नाही.

ॲलर्जी असलेल्या मुलाला आईचे दूध मात्र शक्यतो चालू ठेवतात. त्यात १०० मिलिलिटरला कॅल्शियम सुमारे ३० मिलिग्रॅमच असते, पण ते उत्तम शोषले जाते. आईने दुधाचे पदार्थ खाल्ल्यावर बाळाला त्रास होत असेल, तर डॉक्टर तिचेही दूध-दही बंद करतात. अशा वेळी तिच्या स्वतःच्या कॅल्शियमकडे लक्ष देणे तितकेच निकडीचे असते, आणि तेच घरात सर्वांत आधी विसरले जाते. स्तनपान करणाऱ्या स्त्रीची गरज रोज १,२०० मिलिग्रॅम आहे.

कॅल्शियम दीर्घकाळ कमी पडल्याने होणारा आजार म्हणजे मुडदूस : मनगटे जाड होतात, पाय धनुष्यासारखे वाकतात, टाळू उशिरा भरते, चालणे लांबते. मुडदूस ड जीवनसत्त्वाच्या अभावी होतो असे सर्रास मानले जाते. ते खरे आहे, पण अपुरे आहे. बांगलादेशात कॉक्स बाजार जिल्ह्यातील चकरिया भागात १९९१च्या चक्रीवादळानंतर गेलेल्या मदतपथकांना मुडदूस झालेली बरीच मुले दिसली. तिथे उन्हाची वाण नव्हती. जेवण मात्र भाताचे, दुधाविना होते. नायजेरियातील मुडदूस झालेल्या मुलांवरचा अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. त्यात नुसत्या ड जीवनसत्त्वापेक्षा कॅल्शियम दिलेली मुले अधिक चांगली सुधारली. २०१६ साली निरनिराळ्या देशांतील तज्ज्ञांनी एकमताने सांगितले की वर्षावरील मुलाच्या आहारात कॅल्शियम रोज ३०० मिलिग्रॅमच्या खाली गेले, तर ड जीवनसत्त्व पुरेसे असतानाही मुडदुसाचा धोका वाढतो. दूध सुटलेल्या मुलाच्या पालकांनी ५००च्या बरोबरीने हा ३००चा आकडाही ध्यानात ठेवावा.

नाचणी. महाराष्ट्रात दुधाला पर्याय म्हटले की पहिले नाव नाचणीचे निघते, आणि ते योग्यच आहे. कोकणात, कोल्हापूरकडे आणि सह्याद्रीच्या उतारांवरच्या वाड्यांत ती पिढ्यान्‌पिढ्या मुलांच्या तोंडी लागत आली आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७च्या तक्त्यांत १०० ग्रॅम नाचणीत ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम दिले आहे. गहू, तांदूळ, ज्वारी कोणीच तिच्या जवळपास येत नाही. पण ‘दुधाच्या तिप्पट’ हे वाक्य ऐकून निर्धास्त होऊ नये. दीड वर्षाचे मूल एका वेळी वाटीभर सत्त्व खाते, आणि त्या वाटीत पीठ असते दोन मोठे चमचे, म्हणजे जेमतेम २० ग्रॅम. त्यातून मिळते ७० मिलिग्रॅमच्या आसपास. सकाळी सत्त्व आणि संध्याकाळी घावन किंवा भाकरीचा कुस्करा असे दोनदा पोटात गेले, तरी गरजेचा तिसरा हिस्साही भरत नाही.

शिवाय सत्त्व कसे केले आहे त्यावर बरेच अवलंबून असते. नाचणीचे कॅल्शियम मुख्यतः दाण्याच्या बाहेरच्या थरांत असते. काही घरांत नाचणी भिजवून, वाटून, फडक्यातून पिळून घेतात, तळाशी बसलेला पांढरा साका वाळवतात आणि चोथा टाकून देतात. हे सत्त्व दिसायला सुरेख आणि पचायला हलके असते, पण त्यात उरतो तो प्रामुख्याने स्टार्च. कॅल्शियमचा मोठा वाटा चोथ्याबरोबर जातो. नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून, मंद भाजून दळली आणि पीठ साध्या चाळणीने चाळले, तर कॅल्शियम राहते. मोड आल्याने फायटिक आम्लही कमी होते. हे आम्ल कॅल्शियमला बांधून ठेवते व आतड्यात शोषू देत नाही. आंबवण्याचा परिणामही असाच होतो, म्हणून आंबील किंवा नाचणीची आंबोळी ही मुलासाठी चांगली निवड आहे. वर्षाच्या मुलाला वस्त्रगाळ पिठाची गरज नसते. थोडा रवाळपणा त्याला सहज चालतो.

तीळ हा दुसरा भक्कम आधार. पांढऱ्या तिळाच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे १,२८० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. १० ग्रॅम, म्हणजे तीन छोटे चमचे तिळातून कागदावर १२८ मिलिग्रॅम होतात. पैकी प्रत्यक्ष शोषले जाते ते साधारण पाचवा हिस्सा. दुधातून जवळजवळ तिसरा हिस्सा मिळतो. सबंध तीळ न चावता गिळले गेले तर तसेच बाहेर पडतात, म्हणून भाजून कूट करावे आणि ते भातात, भाजीत, थालिपिठात मिसळावे. संक्रांतीपुरता हा पदार्थ न ठेवता वर्षभर वापरावा. कडक लाडू आणि चिक्की या वयाला देऊ नयेत, घशात अडकतात. तिळाचीही ॲलर्जी असू शकते; आधीच एक ॲलर्जी असलेल्या मुलाला पहिल्यांदा देताना चिमूटभरच द्यावे आणि वाट पाहावी.

पालेभाज्यांच्या बाबतीत तक्ता सर्वांत जास्त फसवतो. पालक, अळू, माठ यांत कॅल्शियम भरपूर दिसते, पण या भाज्यांतले ऑक्झलेट हे द्रव्य त्याला जखडून ठेवते. पालकातून शरीराला मिळते ते शेकडा पाचच्या आसपास. मेथी, मुळ्याचा पाला, कोबी, फुलकोबी यांत ऑक्झलेट बरेच कमी असते. कोबीत कॅल्शियम मुळातच थोडे, तरी जे असते ते चांगले लागू पडते. मेथीची दोन-तीन चमचे बारीक चिरलेली पाने मऊ खिचडीत शिजवली, तर मूल तक्रार करत नाही. कडधान्यांत कुळीथ पुढे आहे, १०० ग्रॅमला २६९ मिलिग्रॅम. कुळथाची पिठी मऊ भातात कालवून देणे कोकणी घरांना नव्याने सांगायला नको. किनारपट्टीवर आणि गोव्यात काट्यासकट खाल्ली जाणारी बारीक मासळी हा फार चांगला स्रोत आहे, मात्र लहान मुलासाठी ती खरपूस करून, काटा पूर्ण चुरून द्यावी. सुकट आधी धुऊन खारटपणा काढावा.

बदाम भिजवून घरी केलेले ‘दूध’ कॅल्शियमच्या दृष्टीने जवळजवळ पाणीच आहे. आठ-दहा बदामांत कॅल्शियम जेमतेम पंचवीस-तीस मिलिग्रॅम भरते. नारळाच्या दुधाचेही तेच. विकतच्या सोया पेयात कॅल्शियम मुद्दाम घातलेले असेल तरच ते उपयोगी, आणि तेव्हा त्याचे प्रमाण बहुधा गाईच्या दुधाइतके, १०० मिलिलिटरला १२० मिलिग्रॅम ठेवलेले असते. ते तळाशी बसते, म्हणून खोके दर वेळी हलवावे लागते. टोफू कॅल्शियम सल्फेटने घट्ट केलेला असला तर चांगला. घरी लिंबू पिळून केलेल्या टोफूत ती भर पडत नाही. तांदळाचे पेय पाच वर्षांखालील मुलांना देऊ नये असे ब्रिटनमध्ये सांगितले जाते, कारण त्यात आर्सेनिक येते. चुन्याची निवळी मुलाला देण्याची जुनी रीत मात्र सोडून द्यावी. तिचे प्रमाण मोजता येत नाही आणि चुना तोंड, अन्ननलिका, डोळे भाजतो.

आता बेरीज. दिवसाला ४० ग्रॅम नाचणीचे १४५, १० ग्रॅम तिळाचे १२८, २० ग्रॅम मेथीचे ५५ आणि १५ ग्रॅम कुळथाचे ४० मिलिग्रॅम मिळून होतात ३६८. चांगले खाणाऱ्या मुलाचा हा चांगला दिवस झाला. दात येताना, ताप असताना यातले निम्मेही पोटात जात नाही. म्हणून दूध पूर्ण बंद असलेल्या मुलाला आहाराच्या जोडीने कॅल्शियमयुक्त सोया पेय, विशेष फॉर्म्युला किंवा औषध बहुतेक वेळा लागतेच. त्यात आईच्या हाताची किंवा स्वयंपाकाची कसूर नाही. कॅल्शियमच्या सिरपवर क्षाराचे वजन आणि मूळ कॅल्शियमचे वजन वेगवेगळे असते. कॅल्शियम कार्बोनेट या क्षारात मूळ कॅल्शियम ४० टक्के, कॅल्शियम सायट्रेटमध्ये २१ टक्के. हिशेबात मूळ कॅल्शियमचाच आकडा धरायचा. कार्बोनेट जेवणाबरोबर द्यावे, लोहाचे औषध चालू असेल तर ते वेगळ्या वेळी. मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी. ड जीवनसत्त्व रोज ६०० आंतरराष्ट्रीय एकक (आययू) लागते, आणि ते नाचणी-तिळातून मिळत नाही.

शाकाहारी घरात आणखी एक धोका असतो. तिथे मुलाला ब१२ जीवनसत्त्व मिळते ते जवळजवळ केवळ दुधातून. दूध गेले आणि अंडेही नसेल, तर ब१२ औषधातूनच द्यावे लागते. त्याच्या अभावाने रक्तक्षय होतो आणि मेंदूची वाढ खुंटते. प्रथिने आणि स्निग्धांश यांची भरपाईही डाळी, तेलबिया, तेल यांतून जाणीवपूर्वक करावी लागते.

दुधाची ॲलर्जी बहुतेक मुलांत वाढत्या वयाबरोबर ओसरते. त्यामुळे दर सहा महिने ते वर्षाने डॉक्टरांच्या सल्ल्याने पुन्हा तपासणी होते. पूर्वी श्वास कोंडला असेल, तर दूध देऊन पाहणे रुग्णालयातच करतात. बाकीच्या मुलांना बहुधा आधी केक-बिस्किटांत भाजले गेलेले दूध अगदी थोड्या प्रमाणात देतात, मग डोशात किंवा शिजवलेल्या पदार्थात, आणि हे सोसले तर दही आणि शेवटी साधे दूध.