फोटो कुणाचा, कहाणी कुणाची

८ मार्चच्या सुमारास गावातल्या कर्तबगार बायांचे फोटो लावायचे आणि खाली त्यांची कहाणी द्यायची, असे उपक्रम आता विदर्भातल्या खेड्यांतही होतात. या दोन गोष्टी एकत्र आल्या त्या अलीकडे. कहाणी जुनी आहे, फोटो नवा.

बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांच्यापासून सुरुवात करावी लागते. सुरतच्या विजयालक्ष्मी या विधवेला नवजात बाळाच्या हत्येबद्दल शिक्षा झाली, वर्तमानपत्रांनी सगळ्या बाईजातीवर तोंडसुख घेतलं. त्या संतापातून ताराबाईंनी १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिलं. पुढे त्या जवळपास विस्मरणात गेल्या. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये पुस्तक पुन्हा काढलं, तेव्हा कुठे त्यांचं नाव परत चर्चेत आलं. तेच संयुक्त राष्ट्रांचं महिला वर्ष, आणि माविमची, म्हणजे राज्याच्या महिला आर्थिक विकास महामंडळाची, स्थापनाही त्याच वर्षीची.

नागपुरात २० जुलै १९४२ ला दलित वर्ग महिला परिषद भरली. अध्यक्ष अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे, समोर हजारो बाया, भाषणाला बाबासाहेब. पण या चळवळीतल्या बायांच्या आठवणी घरोघर जाऊन गोळा करायला उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांना पुढे यावं लागलं. त्या आठवणींचं पुस्तक १९८९ चं. वर्ध्याजवळच्या पिंपरी मेघेच्या सिंधुताई सपकाळ यांनी तर दुसऱ्या कुणाची वाटच पाहिली नाही. स्वतःची कहाणी त्या भर सभेत सांगायच्या आणि अनाथ लेकरांसाठी पदर पसरायच्या.

कॅमेरा खेड्यातल्या बाईकडे मोठ्या प्रमाणावर वळला तो कापूस पट्ट्यातल्या आत्महत्यांमुळे. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले, त्या सुमारास एकच फोटो पुन्हा पुन्हा छापून येई: दारात बसलेली बाई, हातात नवऱ्याची तसबीर. अशा फोटोंनी प्रश्न देशापुढे ठेवला, हे मान्य. पण कॅमेरा तिच्यावर आणि बातमी नवऱ्याची. त्यानंतर वावर कोण पेरतं, सातबाऱ्यावर तिचं नाव चढलं का, सावकाराला कोण तोंड देतं, हे फोटोत मावत नव्हतं, आणि विचारणारेही थोडेच होते. बाईचा फोटो काढला म्हणजे तिचा सन्मान झाला, असं मला तरी तेव्हापासून वाटत नाही.

जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळच्या साहित्य संमेलनात चित्र बदललं, तेही वादातून. इंग्रजी लेखिका नयनतारा सहगल यांना दिलेलं उद्घाटनाचं निमंत्रण आयोजकांनी मागे घेतलं आणि उद्घाटनाला कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे आल्या. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याची पत्नी, पण या वेळी माईक त्यांच्या हातात होता. शेतकऱ्यामागे उरलेल्या बाईचं जगणं त्या स्वतः बोलल्या. काही महिन्यांनी त्यांनी यवतमाळ-वाशीममधून लोकसभा लढवली. निवडून आल्या नाहीत.