हेल्मेटसक्तीचा इतिहास: मोटरसायकल आणि सायकलच्या वाटा वेगळ्या का झाल्या

१३ मे १९३५ रोजी इंग्लंडमधल्या डॉर्सेटमध्ये टी. ई. लॉरेन्स यांच्या मोटरसायकलला अपघात झाला. पहिल्या महायुद्धातल्या अरबस्तानातील कामगिरीमुळे त्यांचे नाव जगभर झाले होते. रस्त्यात अचानक समोर आलेल्या दोन सायकलस्वार मुलांना चुकवताना ते फेकले गेले. डोक्याला जबर मार लागला आणि सहा दिवसांनी, शुद्धीवर न येताच, त्यांचे निधन झाले. त्यांच्या उपचारासाठी बोलावलेल्या डॉक्टरांमध्ये ह्यू केर्न्स हे मेंदूशल्यविशारद होते. आजच्या हेल्मेटसक्तीची मुळे शोधायला गेलो, तर वाट केर्न्स यांच्यापर्यंत जाते.

दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर लष्करी निरोप पोचवणारे मोटरसायकलस्वार ब्रिटनच्या रस्त्यांवर मोठ्या संख्येने मरू लागले. १९४१ साली केर्न्स यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये लेख लिहिला. युद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत ब्रिटनमध्ये २,२७९ मोटरसायकलस्वार आणि मागे बसणारे दगावले होते, आणि बहुतेकांच्या मृत्यूचे कारण डोक्याचा मार हेच होते. अपघाताच्या वेळी हेल्मेट घातलेले रुग्ण केर्न्स यांना फक्त सात सापडले. ते सातही वाचले. एवढ्याशा पुराव्यावर शंका घेणे सोपे होते, पण लष्कराने ती घेतली नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कामावरच्या सर्व लष्करी मोटरसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचे झाले. सामान्य नागरिकांसाठी तोच नियम ब्रिटनमध्ये आला १९७३ साली. मधली बत्तीस वर्षे मला फार बोचतात, कारण या काळात माहितीची उणीव नव्हती.

हेल्मेटही या काळात सुधारत होते. आधीची हेल्मेटे कडक असत, पण धक्का शोषून घेण्याची सोय त्यांत अपुरी होती. १९५३ मध्ये अमेरिकेत सी. एफ. लोम्बार्ड यांच्या रचनेला पेटंट मिळाले. बाहेर कठीण कवच आणि आत दबून चेंगरणारा जाड थर, अशी ती रचना होती. आतला थर चेंगरतो तेव्हा डोके क्षणभर उशिरा थांबते आणि मेंदूला बसणारा हिसका कमी होतो. आजची हेल्मेटेही याच तत्त्वावर बनतात. एकदा दबलेला थर पूर्ववत होत नाही, म्हणून मोठा आघात झेललेले हेल्मेट वरून धड दिसले तरी पुन्हा वापरू नये.

सर्व मोटरसायकलस्वारांसाठी पहिला कायदा ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने १९६१ मध्ये केला. अमेरिकेची कहाणी मात्र उलटसुलट आहे. १९६६ च्या महामार्ग सुरक्षा कायद्यानंतर, केंद्राचा निधी हातचा जाऊ नये म्हणून राज्यांनी भराभर हेल्मेटसक्ती केली. १९७५ पर्यंत ४७ राज्यांत ती होती. ‘माझे डोके, माझा निर्णय’ असे म्हणणाऱ्यांनी न्यायालये गाठली. १९७२ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या एका खटल्यात न्यायालयाने सांगितले, की अपघात झाल्याक्षणी जखमीला उचलण्यापासून त्याच्या उपचारापर्यंतचा भार समाजावर येतो; तेव्हा हा केवळ त्याच्यापुरता प्रश्न राहत नाही. मला हा युक्तिवाद आजही पटतो. पण १९७६ मध्ये संसदेने निधी रोखण्याची तरतूदच काढून घेतली आणि अनेक राज्यांनी कायदे रद्द किंवा सौम्य केले. लुइझियानाने तर १९६८ मध्ये केलेला कायदा १९७६ मध्ये रद्द केला, १९८२ मध्ये परत आणला, १९९९ मध्ये सैल केला आणि २००४ मध्ये पुन्हा पूर्ववत केला. माणसांचे जीव पणाला लावून झालेला हा प्रयोगच म्हणायचा. जिथे सक्ती उठली तिथे हेल्मेटचा वापर घसरला आणि मृत्यू वाढले, हे अनेक राज्यांत दिसले. जगभरचे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन समीक्षेनुसार हेल्मेटमुळे मोटरसायकलस्वाराच्या मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो.

एक अनपेक्षित परिणामही नोंदवण्याजोगा आहे. पश्चिम जर्मनीत १९८० पासून हेल्मेट नसेल तर जागेवरच दंड होऊ लागला आणि पुढच्या काही वर्षांत मोटरसायकलींच्या चोऱ्या झपाट्याने कमी झाल्या. संधी साधून गाडी पळवणाऱ्याकडे हेल्मेट नसे, आणि बोडक्या डोक्याने तो लगेच पोलिसांच्या नजरेत भरे.

व्हिएतनाममध्ये १५ डिसेंबर २००७ पासून सर्व रस्त्यांवर सक्ती झाली आणि हेल्मेटचा वापर जवळपास रातोरात ९० टक्क्यांच्या पुढे गेला. यश मोठे, पण निकृष्ट हेल्मेटांचा सुळसुळाट झाला आणि मागे बसलेली लहान मुले बऱ्याच वेळा तशीच राहिली.

सायकलचे प्रकरण वेगळे, आणि ते वेगळे ठेवूनच पाहावे. अमेरिकेतल्या सिॲटलमध्ये झालेल्या १९८९ च्या एका अभ्यासाने सायकल हेल्मेटमुळे डोक्याच्या दुखापतीचा धोका ८५ टक्क्यांनी घटतो असे मांडले. पुढच्या अभ्यासांत हा आकडा बराच खाली आला, तरी फायदा टिकून राहिला. सायकलस्वारांसाठी पहिला कायदाही व्हिक्टोरियाचाच, १ जुलै १९९० चा. डोक्याच्या दुखापती कमी झाल्या, पण मेलबर्नमध्ये सायकल चालवणारी किशोरवयीन मुलेही ठळकपणे घटली. मग दुखापती हेल्मेटमुळे किती कमी झाल्या आणि सायकली घटल्यामुळे किती, हा वाद सुरू झाला. तो अजून मिटलेला नाही. न्यूझीलंडने १९९४ मध्ये सक्ती केली. मेक्सिको सिटीने २०१० मध्ये आपला नियम मागे घेतला. सिॲटल ज्या किंग काउंटीत येते तिथे २०२२ मध्ये सक्ती उठली, कारण तिचा बडगा बेघर आणि कृष्णवर्णीय सायकलस्वारांवर अधिक उगारला जात होता. हेल्मेट घालाच, हा तिथल्या आरोग्य यंत्रणेचा सल्ला मात्र कायम राहिला.

सायकल चालवणे हाच आरोग्याचा मोठा लाभ आहे, आणि सायकलस्वाराला सर्वांत मोठा धोका असतो तो मोटारींचा. म्हणून नेदरलँड्सने सक्तीऐवजी वेगळे सायकलमार्ग आणि मोटारींच्या वेगमर्यादा यांवर भर दिला. तिथे साध्या सायकलवर हेल्मेट घातलेला माणूस क्वचितच दिसतो. पण त्याच देशाने १ जानेवारी २०२३ पासून ताशी २५ किलोमीटर वेगमर्यादेच्या हलक्या मोपेडवरही हेल्मेट सक्तीचे केले.