कव्हर उलटून बघा: आमच्या रेकॉर्ड-ग्राहकांसाठी थोडी माहिती

नमस्कार.

शनिवारी दुकान उघडलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "'शोले' झाली, 'पाकीज़ा' झाली, 'कॉल ऑफ द व्हॅली' पण आहे. आता जरा वेगळं, फारसं कुणाकडे नसलेलं काय आहे?" हा प्रश्न आम्हाला मनापासून आवडतो. पण गिरगावातल्या एवढ्याशा दुकानात प्रत्येकाला उभ्या उभ्या सविस्तर उत्तर द्यायचं, तर मागे थांबलेल्या गिऱ्हाइकाचा खोळंबा होतो. म्हणून नेहमी जे तोंडी सांगतो ते इथे लिहून काढलंय. घरी निवांत वाचा.

त्याआधी एक विनंती, आणि खरं तर पत्रक छापायचं मुख्य कारण तेच आहे.

दर्शनी फोटो पुरत नाही

गेल्या पावसाळ्यात बदलापूरच्या एका काकांनी 'शोले'च्या कव्हरचा फोटो पाठवला. "हीच हवी, बाजूला काढून ठेवा." फोटोत फक्त दर्शनी बाजू. आम्ही विचारलं, लेबलचा फोटो मिळेल का? "अहो, 'शोले' म्हणजे 'शोले'!" त्या कव्हरची प्रत आमच्याकडे होती, ती बांधून ठेवली. काका भर पावसात आले, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली रेकॉर्ड छातीशी धरून लोकलने घरी गेले. रात्री नऊला फोन आला, "यात गाणंच नाहीये, नुसते संवाद आहेत!" पॉलिडोर या रेकॉर्ड कंपनीने 'शोले'च्या संवादांची एलपी, म्हणजे मोठी बारा इंची रेकॉर्ड, वेगळी काढली होती, आणि काकांना ऐकायचं होतं 'मेहबूबा मेहबूबा'. आम्ही रेकॉर्ड बदलून दिली, पण त्यांचे दोन दिवस गेले आणि आमचे दोन तास.

तेव्हापासून लेबलचा, म्हणजे मधल्या गोल कागदाचा फोटो आल्याशिवाय आम्ही रेकॉर्ड बाजूला काढत नाही. काही जणांना हा ताठरपणा वाटतो. पण आमच्याकडे एकेका चित्रपटाच्या तीन-तीन, चार-चार वेगळ्या तबकड्या असतात. कव्हरवर चेहरे तेच, आत माल वेगळा.

सात इंची ईपी, म्हणजे छोटी रेकॉर्ड, मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या वेगाने फिरते आणि तिच्यावर साधारण चारच गाणी मावतात. चित्रपटात सहा गाणी असतील तर दोन बाहेर राहिली, आणि तुमचं लाडकं गाणं नेमकं त्या दोनांत असू शकतं. काही एलपींवर एका बाजूला एक चित्रपट आणि दुसऱ्या बाजूला दुसराच असतो. काही रेकॉर्डवर चाली त्याच असतात, पण गळ्याऐवजी अ‍ॅकॉर्डियन किंवा गिटार. हे सगळं मागच्या बाजूला छापलेलं असतं. वाचायला अर्धं मिनिट लागतं.

लेबलवरचा नंबरही बघायची सवय लावा. एचएमव्हीच्या जुन्या एलपीवर 'ईसीएलपी' असेल तर मोनो (सगळा आवाज एकाच वाटेने), 'ईसीएसडी' असेल तर स्टिरिओ (डावी-उजवी अशा दोन वाटांनी). मोनो दिसली की नाक मुरडणारे बरेच जण येतात. त्यांना आम्ही खुर्चीवर बसवतो आणि चांगल्या स्थितीतली मोनो प्रत वाजवतो. आवाज कसा समोर येऊन उभा राहतो ते ऐकलं की बहुतेक जण तीच घेऊन जातात. आणि कव्हरवरचा नंबर तबकडीवरच्या नंबराशी जुळतो का, तेही बघा. चाळीस-पन्नास वर्षांत कव्हरं आणि तबकड्या घरोघरी अदलाबदल झालेल्या आहेत. आम्ही विकायला ठेवण्याआधी प्रत्येक जोडी ताडून बघतो. चोर बाजारात शुक्रवारी घाईघाईत उचललेल्या मालाबद्दल असं कुणी सांगू शकत नाही. अर्थात तिथे जायची मजा वेगळी, आम्हीही जातो.

मागच्या बाजूची नावं

आता मूळ प्रश्नाकडे. फारशी माहीत नसलेली चांगली रेकॉर्ड शोधायची तर नट-नट्यांचे फोटो सोडा आणि मागे संगीतकाराचं, वादकांचं नाव वाचा. तुमच्या आवडत्या गाण्यात जो माणूस वाजवत होता, तो आणखी कुठे कुठे सापडतो ते धुंडाळत गेलात की वर्षभर पुरेल इतकं मिळतं.

मागे 'संगीत: जयदेव' दिसलं तर ती रेकॉर्ड परत ठेवू नका. 'हम दोनों'मुळे त्यांचं नाव सगळ्यांना माहीत असतं आणि बहुतेकांची ओळख तिथेच थांबते. या माणसाला संगीतासाठी तीनदा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला: 'रेशमा और शेरा', 'गमन' आणि 'अनकही'साठी. मुंबईकराने तर १९७७चा 'घरौंदा' आणि १९७८चा 'गमन' शेजारी शेजारी ठेवून ऐकावेत. एकात या शहरात घर शोधणारं जोडपं आहे, दुसऱ्यात गावाकडून येऊन टॅक्सी चालवणारा माणूस. भूपिंदरच्या आवाजातलं 'एक अकेला इस शहर में' आणि सुरेश वाडकरांचं 'सीने में जलन' एका संध्याकाळी लागोपाठ ऐका. छाया गांगुलींना 'आपकी याद आती रही'साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तेही 'गमन'मधलंच. या गाण्यांत वाद्यं मोजकी आहेत आणि शब्दांभोवती मोकळी जागा ठेवलेली आहे. मोबाईलच्या स्पीकरवर ती मोकळी जागा ऐकूच येत नाही, चांगल्या सुईवर येते. पुढे अमोल पालेकरांच्या 'अनकही'त जयदेवांनी पंडित भीमसेन जोशींकडून गाऊन घेतलं आणि भीमसेनजींनाही पार्श्वगायनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. हे ऐकून अभंगाचे चाहते थक्क होतात. घरात कुणी भीमसेनजींचे भक्त असतील तर वाढदिवसाला याहून चांगली भेट आम्हाला सुचत नाही.

शंकर-जयकिशन म्हटलं की राज कपूर आठवतो. पण १९६८ साली त्यांनी 'रागा-जाझ स्टाइल' नावाची एलपी केली, तिच्यात एकही शब्द गायलेला नाही. तोडी, भैरव, मालकंस, कलावती असे अकरा राग, सतारीवर रईस खान, सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग. हे दोघं तुम्ही असंख्य हिंदी गाण्यांत ऐकलेले आहेत, फक्त तिथे त्यांच्या वाट्याला चार-सहा सेकंद यायचे. इथे त्यांना सबंध राग मिळालाय. शास्त्रीय ऐकणारे "हे जाझ" म्हणून टाळतात आणि जाझ ऐकणारे "हे फिल्मी" म्हणून. दोघांनीही एक बाजू पूर्ण ऐकावी एवढंच आमचं म्हणणं.

पूर्ण ऐकावी यावर मी जरा अडून बसतो. पुष्कळ जण दुकानात सुई पहिल्या गाण्यावर ठेवतात, दहा सेकंद ऐकतात, उचलतात, मध्ये कुठेतरी टेकवतात आणि "नाही जमत" म्हणून रेकॉर्ड परत करतात. असं कुणाला कळणार? शिवाय सुई अशी टेकवल्याने खाचांवर ओरखडे पडतात ते वेगळंच. म्हणून सुई आम्हीच ठेवतो आणि एक बाजू संपेपर्यंत उचलत नाही. चहा आमच्याकडून.

मुंबईतल्या वादकांचीच आणखी एक गोष्ट. चरणजीत सिंग हे हिंदी चित्रपटसृष्टीतले वादक. १९८२ साली त्यांनी रोलँड कंपनीच्या तीन इलेक्ट्रॉनिक वाद्ययंत्रांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवले. ती एलपी तेव्हा फारशी कुणी विचारली नाही. पुढे जगाच्या लक्षात आलं की पाच वर्षांनी शिकागोत 'अ‍ॅसिड हाउस' नावाच्या नाचाच्या इलेक्ट्रॉनिक संगीतात जो आवाज गाजला, तसा आवाज या माणसाने त्याच यंत्रांतून आधीच काढला होता. २०१० साली ती परदेशात पुन्हा निघाली. मूळ प्रत आमच्याकडे नाही, उगाच आशा दाखवत नाही. पुनर्मुद्रण मागवून देतो. मूळ प्रतीचाच हट्ट धरणाऱ्यांशी आमचं इथे थोडं जमत नाही. मूळ प्रत घासलेली असेल आणि नवी स्वच्छ असेल, तर ऐकणाऱ्याने नवी घ्यावी.

याच कप्प्यात आनंद शंकर यांची १९७५ची 'आनंद शंकर अँड हिज म्युझिक' आहे. सतार, तबला आणि कीबोर्ड एकत्र, त्यात 'स्ट्रीट्स ऑफ कलकत्ता'. तरुण मुलांना ती पहिल्या मिनिटातच आवडते, फार बोलावं लागत नाही.

खिशाला परवडणारं हवं असेल तर व्हॅन शिपली यांची गिटार आणि इनॉक डॅनियल्स यांचं अ‍ॅकॉर्डियन बघा. फिल्मी चालींच्या वाद्यसंगीताला आजकाल कुणी हात लावत नाही, त्यामुळे आम्ही त्या गाण्यांच्या एलपीपेक्षा निम्म्या किमतीला देतो. हे कायम राहील असं नाही. आमच्याकडचे दोन जुने ग्राहक आता फक्त हेच गोळा करतात.

मराठी रेकॉर्डबद्दल

मराठी कप्पा दुकानात सगळ्यात आत आहे, म्हणून तो दिसत नाही अशी तक्रार येते. रास्त आहे, दिवाळीपर्यंत पुढे आणतोय.

'जैत रे जैत' सगळ्यांना माहीत आहे असं सगळ्यांना वाटतं. १९७७चा जब्बार पटेलांचा चित्रपट, शब्द ना. धों. महानोरांचे, संगीत पं. हृदयनाथ मंगेशकरांचं. लोक 'नभ उतरू आलं' लावतात आणि थांबतात. पण ही कथाच गाण्यांतून सांगितलेली आहे. रवींद्र साठे आणि चंद्रकांत काळे यांचे आवाज कथेला पुढे ढकलत नेतात, आणि मग 'मी रात टाकली' येतं तेव्हा ते सुटं ऐकल्यापेक्षा फार वेगळं लागतं. ही रेकॉर्ड गाण्यांचा संग्रह म्हणून न ऐकता नाटक बघितल्यासारखी ऐका.

कुमार गंधर्वांची निर्गुणी भजनं मागणारे रोज येतात. 'मला उमजलेले बालगंधर्व' मात्र महिन्यातून एखादा मागतो. एका मोठ्या गायकाने दुसऱ्या मोठ्या गायकाची गाणी नक्कल न करता, आपल्या समजुतीने कशी गावीत, ते तिथे ऐकायला मिळतं. माझ्या वडिलांची प्रत अजून घरी आहे, ती विकायची नाही. दुकानातल्या प्रती त्याच गाण्यांच्या आहेत.

काही बारीकसारीक

रेकॉर्ड पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा, एकावर एक रचलेल्या वाकतात. आपल्या दमट हवेत कव्हरला बुरशी धरते, तेव्हा भिंतीला टेकवू नका आणि पावसाळ्यात आठवड्यातून एकदा कपाट उघडून वारा लागू द्या. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या चुकूनही स्पिरिटने पुसू नका. त्या लाखेच्या असतात आणि स्पिरिटमध्ये लाख विरघळते. धुवायला आमच्याकडे आणून द्या, आमच्याकडून घेतलेल्या रेकॉर्डला पहिली धुलाई फुकट.

फोनवर वाजवून दाखवा असं कृपया सांगू नका. फोनवर खरखर जास्त ऐकू येते आणि गाणं कमी, आणि त्यावरून ठरवलेलं नेहमी चुकतं. संपूर्ण यादीही आम्ही पाठवत नाही, कारण एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती आमच्या दृष्टीने दोन वेगळ्या वस्तू आहेत. काय ऐकता, कोणतं गाणं लहानपणापासून डोक्यात आहे, एवढं लिहून पाठवा. चार-पाच रेकॉर्ड काढून, धुऊन, लावून ठेवतो.

चर्नी रोडला उतरून चालत या, दहा मिनिटं लागतात. गणपतीत गाडी अजिबात आणू नका. आणि एखादी ठरावीक रेकॉर्ड हवी असेल तर आधी लेबलचा फोटो पाठवा.