पात्याखाली टिकणारी तणे

शेतात माजणारी कित्येक उंच तणे लॉनमध्ये फारशी दिसत नाहीत. त्यांचे बी तिथेही पडते, रुजतेही. पण गवत कापायचे यंत्र फिरले की शेंडा उडतो आणि त्यांचा जोर ओसरतो, कारण सरळ वाढणाऱ्या बहुतेक झाडांची वाढ शेंड्यातून होते. गवताचे तसे नाही. त्याचा वाढीचा कोंब जमिनीलगत, पानांच्या वेढ्यात सुरक्षित असतो. पाने वरून कापली तरी खालून पुढे सरकत राहतात. लॉन शक्य होते ते यामुळेच. मात्र ज्या तणांचा कोंब असाच खाली असतो, किंवा जी जमिनीला चिकटून पसरतात, तीही पात्याखालून सुटतात. म्हणजे लॉनमधली तणे एका अर्थी आपणच, दर कापणीला, निवडत असतो. गोल्फच्या मैदानांवर ही निवड टोकाला गेली आहे. पोआ ॲनुआ नावाचे गवत तिथे अवघ्या काही मिलिमीटर उंचीवर राहूनही फुलते आणि बी धरते.

तण ओळखायला नावापासून सुरुवात करायची गरज नाही. आधी गट ओळखावा, कारण उपाय गटावर ठरतो. रुंद पानांची तणे चटकन कळतात: पानांवर जाळीदार शिरा आणि ठसठशीत फुले. खरा गोंधळ लांबट पानांच्या तणांत होतो. तिथे दांडी बोटांत धरून फिरवून पाहावी. गवताची दांडी गोल किंवा चपटी असते, तिला पेरे असतात. बोटांना तीन कडा लागल्या, पाने बुडापासून तीन ओळींत निघालेली दिसली, तर ते गवत नव्हे, लव्हाळा. कापणीनंतर दोन-तीन दिवसांत लॉनच्या वर डोके काढणारी फिकट, चकचकीत पाती बहुधा त्याचीच असतात.

लव्हाळ्याला जगातले सर्वांत त्रासदायक तण म्हटले जाते, आणि त्यात अतिशयोक्ती नाही. त्याचा संसार जमिनीखाली चालतो. बारीक आडव्या खोडांवर गाठी धरतात, एका गाठीतून पुढची, तिच्यातून आणखी पुढची, अशी साखळी तयार होते. साखळीच्या टोकाची गाठ फुटलेली असली की मागच्या गाठी सहसा झोपून राहतात. टोकाच्या कोंबाकडून येणारे संप्रेरक त्यांना दाबून ठेवते. आपण जोरात ओढून पाती उपटतो तेव्हा साखळी तुटते, धाक जातो आणि झोपलेल्या गाठी फुटू लागतात. एक उपटला तर चार आले, ही तक्रार त्यामुळे अगदी खरी आहे.

मग उपटू नये का? उपटावे, पण वेळ साधून. नवा कोंब सुरुवातीला गाठीतल्या साठ्यावर जगतो. पाच-सहा पाने आली की उलटा प्रवास सुरू होतो. पानांत तयार झालेले अन्न खाली जाते आणि नव्या गाठी धरू लागतात. त्याआधीच कोंब काढत राहिलो तर दर खेपेला गाठीचा साठा थोडा घटतो. वाढीच्या हंगामात दर दोन-तीन आठवड्यांनी हे नेटाने करावे लागते, एका हंगामात काम संपेलच असे नाही. लव्हाळ्याचे दोन कच्चे दुवे मात्र लक्षात ठेवण्यासारखे आहेत. त्याला सावली सोसत नाही, आणि उकरून उन्हात वाळलेली गाठ मरते. लॉनला गरजेपेक्षा जास्त पाणी देणे हे त्याला आवतण आहे.

बाकीच्यांचे स्वभाव सोपे आहेत. आंबुटीची तीन हृदयाकार पाने आणि पिवळी पाच पाकळ्यांची फुले सहज ओळखता येतात. तिच्या पिकलेल्या शेंगा स्पर्शाने फुटून बी दूर उडवतात, त्यामुळे ती फुलावर असतानाच काढावी. दुधी मोडली की पांढरा चीक येतो, तो डोळ्यांत जाऊ देऊ नये. घोळ उपटून तिथेच टाकली तर तिच्या मांसल फांद्या ओल मिळताच पुन्हा मुळे धरतात, म्हणून ती उचलून बाहेर न्यावीच. हरळीचे प्रकरण चमत्कारिक आहे: ती एका ठिकाणी लॉन असते, तर बारीक पात्याच्या दुसऱ्या गवतात शिरली की तण. दोघीही गवतेच असल्याने नेमकी तिला मारणारे औषध मिळणे अवघड.

बियांपासून येणाऱ्या तणांवर मात करताना घाई उपयोगी पडत नाही. अमेरिकेत विल्यम बील या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1879 मध्ये तणांच्या बिया घातलेल्या 20 बाटल्या जमिनीत पुरल्या. 2021 मध्ये त्यांतली एक काढली तेव्हा 142 वर्षांनंतरही काही बिया रुजल्या. तेव्हा मातीतले सगळे बी संपवायचा बेत कोणी करू नये. ते झोपलेले ठेवणे जमते. अनेक तणांच्या बारीक बियांना रुजायला प्रकाशाची खूण लागते. बियांमधले फायटोक्रोम हे रंगद्रव्य लाल प्रकाश आणि अतिलाल (लालच्या पलीकडचा, डोळ्यांना जेमतेम दिसणारा) प्रकाश यांतला फरक ओळखते. हिरवी पाने लाल प्रकाश शोषून घेतात, अतिलाल बराचसा खाली जाऊ देतात. त्यामुळे दाट गवताखाली पडलेल्या बीला वर गर्दी असल्याचे कळते आणि ते थांबून राहते. गवत मुळाशी खरडल्यासारखे कापले की हीच खूण उलटते. एका वेळी पात्याच्या उंचीचा तिसरा हिस्साच कापावा, हा जुना नियम गवताच्या मुळांसाठी सांगितला जातो, पण तणांच्या बाबतीतही तो तितकाच कामाचा आहे. अर्धवट कुजलेले शेणखत पसरणे म्हणजे तणाचे बी पेरणेच. खताचा ढीग आतून चांगला तापलेला असेल तर बहुतेक बी मरते.

तणनाशके शेवटी. 1940च्या दशकात आलेले टू-फोर-डी हे वनस्पतींच्या ऑक्झिन या संप्रेरकाची नक्कल करते. रुंद पानांची झाडे वेडीवाकडी वाढून मरतात, गवत तगते. लॉनच्या बियाणात पूर्वी क्लोव्हर ही तीन पानांची, शेंगवर्गातली बुटकी वनस्पती मुद्दाम मिसळत, कारण त्याच्या मुळांवरचे जिवाणू हवेतला नत्र जमिनीत आणतात. हे औषध क्लोव्हरला वाचवू शकत नव्हते, आणि बघता बघता त्याचीच गणना तणांत झाली. मला तरी हिरवळीत थोडे क्लोव्हर असण्यात काही वावगे वाटत नाही. लव्हाळ्यावर हॅलोसल्फ्युरॉन चालते, ते पानांतून गाठींपर्यंत पोचते. पेंडिमेथालिन उगवणीपूर्वीचे औषध आहे, उभ्या तणाला त्याने काही होत नाही. ग्लायफोसेट मात्र तणासोबत लॉनही मारते. कोणतेही औषध आपल्या गवताला चालते का हे डब्यावरच्या सूचनांत आधी वाचावे, हातमोजे घालावेत आणि वारा पडलेला असताना फक्त तणाच्या ठिगळावर फवारावे. टू-फोर-डीचे उडालेले तुषार शेजारच्या टोमॅटोला किंवा द्राक्षवेलीला विद्रूप करतात.

तण गेल्यावर जी मोकळी जागा उरते तिथे लगेच गवताचे ठोंब दाबावेत. पायवाटेमुळे माती दबून घट्ट झाली असेल तर आधी काट्याने भोके पाडून ती सैल करावी, नाहीतर तिथे पुन्हा दबक्या मातीत जगणारी तणेच येतील.